मिशिगन, मोशी आणि एक हरीण

शनिवार, दुपारचे साडेतीन. चाकणच्या कंपन्यांची फर्स्ट शिफ्ट नुकतीच सुटलेली. कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, टेम्पो, रिक्षा... मोशीपर्यंत सगळा हायवे जाम. या गर्दीत एखाद्या ॲक्टिव्हावर मागे बसलेला, पाठीला गिटारच्या बॅगेसारखी पण जरा विचित्र आकाराची बॅग लावलेला तरुण तुम्हाला दिसला, तर तो कुठल्या बँडमध्ये वगैरे नाही. तो माझा मित्र. बॅगेत धनुष्य आहे. आणि ॲक्टिव्हा माझी. पेट्रोलही माझंच.

ग्रुपमध्ये सगळे त्याला 'मिशिगन' म्हणतात. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत तो डिझाइनला आहे. कंपनीने दीड वर्ष डेट्रॉइटजवळ पाठवलं होतं, तेव्हापासून त्याचं प्रत्येक वाक्य 'आमच्या मिशिगनला ना...' असं सुरू होतं. तिथे १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाने हरीण मारण्याचा सीझन उघडतो. १५ नोव्हेंबरला बंदुकीचा. त्या दिवशी म्हणे ऑफिस अर्धं रिकामं, काही शाळांना चक्क सुट्टी. आपल्याकडे गणपती बसतात त्या दिवशी असतं ना, तसंच.

त्याचा तिथला बॉस पक्का धनुष्यवाला शिकारी. एका पहाटे तो याला सोबत घेऊन गेला. झाडावर मचाण, कमरेला दोर बांधलेला (तिकडे मचाणावरून पडून जखमी होणारे शिकारी खूप, त्यामुळे दोर हवाच), बोलायचं नाही, खोकायचं नाही. दोन तास थंडीत काकडल्यावर वीस पावलांवर हरीण आलं. बॉसने धनुष्य ताणलं, धरून ठेवलं... आणि हळूच सैल सोडलं. हरीण चरत चरत निघून गेलं. 'का नाही मारलं?' असं विचारल्यावर बॉस एवढंच म्हणाला, 'अँगल नव्हता.'

हे दोन शब्द आमच्या मिशिगनच्या डोक्यात जे बसले, ते बसलेच. परत आल्यावर साहेबांनी बोनस सगळा धनुष्यात घातला आणि मला फोन. ''तू पत्रकार आहेस ना? मग शोध. इथे हरणाची शिकार सुरू करायची तर कुठून करायची?''

मी शोधलं. दहा मिनिटांत शोध संपला. इथे सुरू करायचीच नाही!

नेम चुकला तरी गुन्हा

आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला त्यात लायसन्स काढून शिकार करायची थोडी वाट होती, १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. धनुष्य असो, बंदूक असो की गलोल, कायद्याला फरक पडत नाही. आणि 'शिकार' या शब्दाची कायद्यातली व्याख्या वाचाच एकदा. मारणं तर आलंच. पकडणं, फासे लावणं, हाकारा करणं, आमिष टाकणं, जखमी करणं, आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न, हे सगळं शिकारच. म्हणजे 'साहेब, नेम चुकला हो' असं म्हणून सुटका नाही. काळवीट, चिंकारा हे पहिल्या परिशिष्टातले प्राणी, त्यांच्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद. सलमानची केस आठवते ना? रात्र होती १९९८ ची, कोर्टाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली २०१८ मध्ये. जामीन मिळाला, पण वीस वर्षं गेलीच की!

शेताची नासधूस करणाऱ्या रानडुकरांसाठी वनखात्याच्या परवानगीची सोय आहे, पण ती शेतकऱ्यासाठी. वीकेंडला बोअर झालेल्या डिझाइन इंजिनिअरसाठी नाही.

हे सगळं मी त्याला नीट समजावलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, ''एक जण आहे ओळखीचा. जमिनीचे व्यवहार करतो. त्याचं फार्महाऊस आहे डोंगराकडे. रात्री जीप काढतात, मोठा लाइट असतो... बघायला तर जाऊ?''

मला ते 'बघायला' अजिबात आवडलं नाही. पण त्याला नाही म्हटलं की तो जास्त चेकाळतो, हे कॉलेजपासूनचं माहिती आहे. म्हटलं, आधी धनुष्य तरी धरायला शिक.

सर आणि डावा डोळा

मोशीच्या पुढे, दोन वर्कशॉपच्या मागे एक मोकळी जागा आहे. पत्र्याची शेड, गवताच्या गाद्यांसारखी जाड टार्गेटं, आणि शाळेतली दहा-बारा मुलं. शिकवणारे सर मूळचे सातारा जिल्ह्यातले, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. असणारच! फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला खेळला. साताऱ्याची आदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली. त्याच दिवशी साताऱ्यातच तयार झालेला नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत चॅम्पियन झाला, तोही फायनलमध्ये १५० पैकी १५० मारून. सर हे आकडे असे सांगतात, जसे आपले बाबा लोक गावसकरची सेंच्युरी सांगतात.

मिशिगनने ऐटीत बॅग उघडली. सरांनी विचारलं, ''किती पौंडाचं?''

''साठ.''

''छान. ठेवा आत.''

आणि त्याच्या हातात मुलांचं बांबूचं धनुष्य दिलं, अठरा पौंडाचं! सुरुवातीला हलकंच धनुष्य हवं, कारण जड ओढायला गेलं की खांदा आणि मान वाकडी होते आणि तीच वाकडी सवय लागते. मग सरांनी दोन्ही हातांच्या पंज्यांचा त्रिकोण करायला लावला. त्यातून लांबचा एक खांब बघायचा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने खांब जागेवर राहतो, तो तुमचा जोरकस डोळा. तुम्हीही आत्ता खुर्चीवर बसल्या बसल्या करून बघा, बॉसचं लक्ष नाही तोवर.

माझा उजवा निघाला. मिशिगनचा डावा. आणि बोनस घालून घेतलेलं धनुष्य उजव्या हाताचं!

''एक तर डाव्या हाताचं घ्या, नाही तर डाव्या डोळ्यावर पट्टी लावा,'' सर शांतपणे म्हणाले. पुढचा महिनाभर मोशीत एक समुद्री चाचा सराव करत होता.

दुसरा धडा मुलांनीच ओरडून दिला. मी गंमत म्हणून बाण न लावताच दोरी ओढली, तर एक आठ-नऊ वर्षांची चिमुरडी किंचाळली, ''ताई, सोडू नका!'' रिकामी दोरी सोडली की बाणात जायचा सगळा जोर धनुष्यातच बसतो, आणि त्याची पाती तडकतात. तिसरा धडा माझ्या डाव्या हाताला मिळाला. कोपर नीट फिरवलं नाही की सुटलेली दोरी हाताच्या आतल्या बाजूला सटकन बसते. आठवडाभर तिथे हिरवा-निळा डाग होता. घरमालकीण काकूंनी दोनदा काळजीने विचारलं, ''सगळं ठीक आहे ना गं?''

चौथ्या आठवड्यात कंपाउंड बाहेर निघालं आणि मिशिगन एकदम खुलला. कारण त्यात कॅम असतात! दोन्ही टोकांना लंबगोल चाकं. ओढायला सुरुवात केली की साठ पौंडाचा पूर्ण भार येतो, पण शेवटी चाक फिरलं की भार धाडकन कमी होतो. ऐंशी टक्के उतरला, तर हातात धरायला फक्त बारा पौंड. म्हणजे ताणलेलं धनुष्य घेऊन तुम्ही थांबू शकता. मचाणावरचा बॉस थांबला होता, तसे.

ही कल्पना अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या होलिस ॲलन नावाच्या गृहस्थांची, १९६९ चं पेटंट. हरणाच्या शिकारीसाठी काढलेलं हे यंत्र. आदिती आणि ओजस याच प्रकारच्या धनुष्याने चॅम्पियन झाले, आणि २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिक्स टीम स्पर्धा पहिल्यांदाच असणार आहे. साताऱ्यातल्या कुणी त्याने कधी ससासुद्धा मारलेला नाही. मला हे फार भारी वाटतं.

अजून एक गोष्ट मला शोधताना सापडली आणि ती तर आपल्या भोसरीचीच वाटते. अमेरिकेत धनुष्याची शिकार लोकप्रिय करणारा फ्रेड बेअर हा माणूस मुळात डेट्रॉइटच्या पॅकार्ड मोटर कंपनीत पॅटर्नमेकर होता! भोसरीच्या फाउंड्रीत लाकडाचे साचे करणारे काका असतात ना, तेच काम. १९२७ मध्ये त्याने डेट्रॉइटच्या एका थिएटरात अलास्कामधल्या शिकारीचा सिनेमा पाहिला, तो बनवणाऱ्या आर्ट यंगशी ओळख झाली आणि हा पठ्ठ्या रिकाम्या वेळात धनुष्यं घडवायला लागला. पुढे १९३३ मध्ये कंपनी काढली. हे ऐकल्यावर मिशिगनने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मोटारीच्या कारखान्यातल्या प्रत्येक माणसाच्या नशिबात शेवटी धनुष्यच लिहिलेलं असतं.

ताटली

बॉसने त्याला एक नियम शिकवला होता. कागदी प्लेट लावायची. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून साधारण तेवढीच जागा, पुढच्या पायाच्या जरा मागे, आठेक इंच. वीस यार्डांवरून, म्हणजे आपल्या अठरा मीटरवरून, वीसपैकी वीस बाण प्लेटमध्ये बसले तरच जंगलात जायचं. एकोणीस बसले तर घरी.

सरांनी प्लेट लावायला परवानगी दिली. त्यावर हरणाचं चित्र काढायला मात्र नाही म्हणाले. ''माझ्या मैदानावर जनावर नको. मुलं बघतात.''

पहिल्या रविवारी वीसपैकी सहा!

तेव्हा साहेबांनी वहीत गणित मांडलं. बाणाचा वेग सेकंदाला साधारण २८० फूट. वीस यार्ड म्हणजे साठ फूट, म्हणजे बाणाला लागतात दोन दशांश सेकंदांच्या थोडं वर. दोरीचा आवाज मात्र सेकंदाला अकराशे फुटांच्या वेगाने जातो, तो पाव वेळात पोचतो. म्हणजे बाण अजून वाटेत असताना हरणाने 'टंग' ऐकलेलं असतं. ते दचकून खाली दबतं, पळायच्या तयारीत. तुमचा नेम अचूक असला तरी तिथे आता काळीज नाही, पाठ आहे. म्हणून जवळ जायचं, म्हणून ते बेसावध हवं, आणि म्हणून आडवं उभं हवं. बॉसच्या 'अँगल नव्हता'चा अर्थ आमच्या इंजिनिअरला मोशीत कळला.

आणि बाण बसला तरी ते जागच्या जागी कोसळत नाही. बाण रक्त काढून मारतो. पळू द्यायचं, अर्धा तास तरी हलायचं नाही, मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढायचा. लगेच मागे धावलं तर जखमी जनावर भीतीने लांब निघून जातं आणि सापडतच नाही.

आपल्या गोष्टींमध्ये शिकारीचे बहुतेक घोटाळे अगदी याच पानावरचे आहेत, हे तुमच्या लक्षात आलंय? दशरथाने नुसत्या आवाजावर बाण सोडला आणि श्रावण गेला. जराने श्रीकृष्णाचं पाऊल हरीण समजून वेधलं. तिकडे शिकाऱ्यांना सरकारी क्लासमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात, की समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे पक्कं दिसल्याशिवाय सोडू नका. दशरथाला हा क्लास कुणी लावला नव्हता.

माझे आजोबा आंबेगावकडचे, भीमाशंकरच्या पायथ्याचे. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. ओटीवर भेकराची शिंगं होती, पुढे बाबांनी ती वनखात्याकडे जमा केली. भेकर म्हणजे लहानसं हरीण, घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. आजोबांनी बरीच मारली असतील, पण गोष्ट एकाच भेकराची सांगायचे. संध्याकाळी गोळी पोटात लागली. कारवीत रक्त दिसत होतं, मग अंधार पडला. रात्रभर ते लांबून भुंकत होतं. सकाळी सगळ्या वाडीने शोधलं, मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी गिधाडं उतरली तेव्हा कळलं कुठे होतं ते. ''त्याचं मांस पण कुणाच्या पोटात गेलं नाही,'' असं म्हणून ते सुपारी कातरायला लागायचे. त्यानंतर त्यांनी शिकार सोडली वगैरे काही नाही हं. गेले पुढेही. पण गोष्ट मात्र हीच.

टपरीवर चहा पिताना मी हे मिशिगनला सांगितलं. त्याने ऐकलं, पैसे दिले (हा चमत्कारच!) आणि म्हणाला, ''पुढच्या शनिवारी बोलावलंय फार्महाऊसवर.''

''जाणार आहेस?''

''बघू.''

''मग त्याआधी रविवार माझा. धनुष्य घरी ठेवून यायचं.''

बावीस

पहाटे साडेचारला निघालो. या वेळी त्याची कार. हडपसर, मग सोलापूर हायवे, चौफुल्याला उजवीकडे मोरगावच्या रस्त्याला वळलं की सुपे. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, १९९७ मध्ये जाहीर झालेलं. जंगल म्हणून डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं इथे काहीच नाही. पिवळं गवत, बाभळी, खडकाळ माळ. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, अरे, प्लॉटिंग का नाही केलं अजून? आमच्या चाकणचे माळ असेच होते म्हणतात, एमआयडीसी यायच्या आधी. राहायला जागा कमी पडली की जनावरंही सोय बघतात. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या एका मोठ्या कार कारखान्यात बिबट्या शिरला होता, आठवतंय? काही तासांनी वनखात्याच्या लोकांनी त्याला बेशुद्ध करून बाहेर काढला.

तर इथे असतो चिंकारा. बरोबरच्या वनमजूर काकांनी पहिल्याच मिनिटाला माझी चूक दुरुस्त केली. आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण चितळ, सांबर, भेकर यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, ती खरी हरणं. चिंकारा आणि काळवीट यांची शिंगं आयुष्यभर तीच. ते कुरंगाच्या जातीचे. ''पण घाबरायला दोघं सारखीच,'' काका म्हणाले.

गाडीतून उतरायचं नव्हतं. मिशिगनने अंतर मोजायची लेझर दुर्बीण आणली होती. पहिला कळप १४० मीटर. गाडी जरा पुढे घेतली, ते तेवढेच लांब गेले. ९६ वर एक नर थांबला, बघितलं, गेला. काका म्हणाले, ''साहेब, तुम्ही त्यांच्याकडे जाताय. त्यांना येऊ द्या की.''

इंजिन बंद. काचा खाली. मोबाइल सायलेंट. वारा समोरून, म्हणजे आमचा वास मागे जात होता. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मला शिंक आली ती मी कशी दाबली ते माझं मला माहीत. दिवसभर मेल, मीटिंग, मिस्ड कॉल यांत राहणाऱ्या माणसाला पाऊण तास नुसतं बसणं किती जड जातं, हे लिहून कळायचं नाही.

आणि मग बाभळीच्या आडून एक मादी आली. एकटी. चरत, शेपटी सारखी फडफडवत. चिंकाऱ्याची शेपटी एक क्षण स्वस्थ नसते. ती रस्त्याच्या कडेला आली आणि आडवी उभी राहिली. पुढचा पाय एक पाऊल पुढे. मिशिगनच्या ओठांतून हवेसारखा आवाज आला, ''बावीस.''

त्याने दुर्बीण खाली घेतली. उजवा हात, मी नीट बघत होते, आपोआप हनुवटीपाशी गेला. सर शिकवतात तसा, दोरी ताणून धरल्यासारखा. तो किती वेळ तसा बसला सांगता येत नाही. मला तिच्या कानातली शीर दिसत होती. मी सरकले, सीट बेल्टचं बकल खट् वाजलं, आणि समोर नुसती धूळ.

''खाली दबली होती ती आधी,'' बऱ्याच वेळाने तो म्हणाला. ''पळायच्या आधी. बघितलंस? एवढी.'' हाताने त्याने टीचभर अंतर दाखवलं. ''मी चुकलो असतो. मागे लागला असता बाण.''

परत येताना चौफुल्याला मटण-भाकरी खाल्ली. ताटाकडे बघत त्याने विचारलं, ''हे चालतं, आणि ते नाही?'' माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. म्हटलं, बोकडाच्या वाट्याचा माळ संपत नाहीये, एवढंच. त्याला ते पटलं असं वाटलं नाही. मलाही अर्धंच पटलं होतं.

पुढच्या शनिवारी फार्महाऊसची जीप निघाली, त्यात मिशिगन नव्हता. का नाही गेलास, म्हणून विचारलं तर म्हणाला, सेकंड शिफ्टला थांबावं लागलं. डिझाइनवाल्यांना कधीपासून सेकंड शिफ्ट लागते, हे मी विचारलं नाही. मी मात्र त्याच दुपारी १९२६ वर फोन लावला होता, वनखात्याची हेल्पलाइन आहे ती. फार्महाऊसचा रस्ता त्यानेच बोलता बोलता सांगितला होता. फोनचं त्याला अजून माहीत नाही. आता हे वाचून कळेल.

येत्या ऑक्टोबरमध्ये कंपनी त्याला तीन महिन्यांसाठी पुन्हा डेट्रॉइटला पाठवतेय. तिथे तो तो सरकारी क्लास करणार आहे. १९६० नंतर जन्मलेल्यांना त्याशिवाय सहसा लायसन्स मिळत नाही. बॉसला मेल टाकून झालाय. उत्तर एका ओळीचं आलं, 'प्लेटमध्ये किती?'

गेल्या रविवारी वीसपैकी चौदा.